ॲनालॉग कीबोर्ड घ्यावा का? सोलापुरातल्या एका घराचा निर्णय

पार्श्वभूमी

मी सोलापुरात कॉम्प्युटर जोडणी आणि दुरुस्तीचं काम करतो. गेमिंगचा कीबोर्ड घ्यायचाय म्हणून येणाऱ्या पोरांची संख्या गेल्या दोन-तीन वर्षांत फार वाढली आहे, आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या आई-वडिलांचा गोंधळही. त्यातलंच हे एक प्रकरण, घरच्यांची परवानगी घेऊन लिहितो आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर अक्कलकोट रोडच्या बाजूला. खाली टॉवेलचे माग, वर कुटुंब. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, त्याला इथे अनिकेत म्हणतो. मोठी बहीण कारखान्याची बिलं आणि जीएसटीचं काम पाहते. घरात कॉम्प्युटर एकच आहे. सकाळी त्यावर हिशोबाचं टॅली चालतं, रात्री व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन खेळ. पुढच्या सगळ्या निर्णयांत ही गोष्ट आडवी आली.

मशीन बरं होतं. सहा कोअरचा प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, जीटीएक्स 1650 कार्ड. मॉनिटर जुना, 60 हर्ट्झचा. कीबोर्ड बिलाच्या टेबलावर असतो तसा साधा मेम्ब्रेनचा, म्हणजे कळांखाली रबरी पापुद्रा असलेला. नेट फायबरचं, पण राउटर तळमजल्यावर ऑफिसात आणि कॉम्प्युटर पहिल्या मजल्यावर पत्र्याच्या खोलीत, म्हणजे वाय-फायवर.

2024 ची दिवाळी जवळ आली होती. वडिलांनी बोनसच्या हिशोबातून पोरासाठी वीस हजार बाजूला काढले होते आणि अनिकेतने ॲनालॉग कीबोर्ड, म्हणजे कळ किती खोल दाबली तेही ओळखणारा, ठरवूनही टाकला होता. परदेशातून मागवायचा, ड्युटी आणि कुरियर धरून वीस हजारांच्या थोडा पुढे जाणारा. वडील मला म्हणाले, "ओ सर, कीबोर्ड म्हणजे बटणंच की ओ. वीस हजाराला काय असतंय त्यात?"

प्रश्न अगदी योग्य होता.

अडचण नेमकी काय होती

अनिकेतची तक्रार अशी: "काका, मी थांबतो, मग मारतो, तरी गोळी भलतीकडेच जाते."

व्हॅलोरंटमध्ये पळताना झाडलेली गोळी नीट लागत नाही. आधी थांबायचं, मग झाडायचं. चांगल्या खेळाडूचं डावी-उजवीकडे सरकणं, क्षणभर थांबणं, गोळी आणि पुन्हा सरकणं हे सगळं सेकंदाच्या छोट्याशा तुकड्यात होतं. म्हणून "मी थांबलो होतो" असं बोटाला वाटतं तेव्हा गेममधलं पात्र खरंच थांबलेलं असतं का, हे आधी तपासायला हवं होतं.

गोळी भरकटण्याची चार कारणं मला दिसत होती. कळ सोडल्याची खबर कॉम्प्युटरला उशिरा मिळणं. नेटवर्क उडणं. मॉनिटर जुनं चित्र दाखवत राहणं. आणि मुलगा प्रत्यक्षात घाई करत असणं. दुकानात येणारा प्रत्येकजण यातलं पहिलंच कारण धरून येतो, कारण जाहिरात त्याचीच असते.

या कीबोर्डात वेगळं काय असतं

साध्या मेकॅनिकल स्विचमध्ये धातूचे दोन पत्रे एकमेकांना टेकतात. चेरी एमएक्स रेडसारख्या स्विचमध्ये कळ एकूण 4 मिमी खाली जाते आणि 2 मिमीवर दाबली गेल्याची नोंद होते. सोडतानाही ती जवळपास त्याच जागेपर्यंत वर यावी लागते. म्हणजे तळाशी दाबून धरलेली कळ सुटली असं ठरायला तिला दोनेक मिमी प्रवास करावा लागतो. शिवाय धातू टेकताना बारीक थरथरतो. ती थरथर वेगळ्या दाबण्या म्हणून मोजली जाऊ नये म्हणून कीबोर्ड काही मिलिसेकंद थांबून नोंद पक्की करतो.

आजच्या बहुतेक ॲनालॉग कीबोर्डात कळीच्या दांड्यात छोटं चुंबक असतं आणि खाली बोर्डावर हॉल सेन्सर. एडविन हॉल यांनी 1879 मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो. चुंबक जवळ आलं की सेन्सरमधला व्होल्टेज बदलतो आणि कळ किती खोल आहे ते सतत कळत राहतं. या तत्त्वाचे कीबोर्ड 1960 च्या दशकाच्या अखेरीलाच निघाले होते, गेमिंगमध्ये ते अलीकडे आले. वूटिंग या डच कंपनीने 2016 मध्ये लोकवर्गणीतून पहिला ॲनालॉग कीबोर्ड आणला, तो मात्र प्रकाशावर चालणारा होता. कळ थोडी दाबली तर हळू चाला, पूर्ण दाबली तर पळा, जॉयस्टिकसारखं, अशी मूळ कल्पना होती.

लोकांना भावलं मात्र दुसरंच, रॅपिड ट्रिगर. कळीची जागा सतत माहीत असल्यामुळे नोंदीसाठी ठरावीक रेषा लागतच नाही. बोट 0.1 मिमी वर आलं की कळ सुटली, पुन्हा तेवढंच खाली गेलं की दाबली. वडिलांना मी हे समजावत होतो तेव्हा त्यांनीच ते माझ्याहून नेमकं सांगितलं: "म्हणजे आडवा धागा तुटला की माग जागच्या जागी थांबतो, तसं." अगदी तसंच. चार इंच कापड वाया जाऊन थांबलेला माग आणि लगेच थांबलेला माग यातला फरक त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

इथे एक गोष्ट मी ठामपणे मांडतो. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक 2 या नेमबाजीच्या खेळांमध्ये चालणं म्हणजे कळ दाबलेली किंवा सुटलेली, अधलंमधलं काही नाही. त्यामुळे या खेळांसाठी "ॲनालॉग कीबोर्ड" घेणारा माणूस ॲनालॉगपणा विकत घेतच नाही, तो कळ झटकन सुटण्याचे पैसे देतो. हे एकदा लक्षात आलं की महागाच्या आणि स्वस्ताच्या कीबोर्डातला फरक बराच आटतो.

तपासणी

पहिली चाचणी मोबाइलची. स्लो मोशनमध्ये, 240 फ्रेमवर, अनिकेतचं बोट आणि स्क्रीन एकाच चौकटीत घेतली. यात प्रत्येक फ्रेम साधारण 4 मिलिसेकंदांची असते. बोट उचलायला सुरुवात केल्यावर पात्र किती फ्रेम सरकत राहतं ते मोजता येतं. अनिकेत कळ तळापर्यंत जोरात दाबतो आणि सावकाश उचलतो, हे त्यात लख्ख दिसलं. अशा हाताला रॅपिड ट्रिगरचा फायदा सर्वांत जास्त. हलक्या बोटाने वरच्यावर दाबणाऱ्याला कमी.

दुसरी चाचणी नेटवर्कची. व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्ये पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवलेली माहिती) यांचे आलेख चालू करता येतात. सर्व्हर मुंबईत असल्यामुळे सोलापूरहून सरासरी पिंग चांगलंच दिसत होतं. पण आलेखात मधूनच उंच सुळके येत होते. राउटरपासून जिन्यावरून केबल ओढली, सुळके गेले. खर्च काही शे रुपये. "आधीपेक्षा गुळगुळीत वाटतंय" असं अनिकेत त्या रात्रीच म्हणाला, आणि तोपर्यंत कीबोर्डाला हातही लागला नव्हता.

तिसरी मॉनिटरची. 60 हर्ट्झचा पडदा दर 16.7 मिलिसेकंदांनी नवीन चित्र दाखवतो, 144 हर्ट्झचा दर 6.9 मिलिसेकंदांनी. त्याचं कार्ड कमी ग्राफिक्सवर व्हॅलोरंटमध्ये 144 च्या बरंच वर फ्रेम काढत होतं, म्हणजे कार्ड जे चित्र बनवत होतं त्यातलं निम्म्याहून अधिक पडदा दाखवतच नव्हता.

चौथी, जुना कीबोर्ड. नोटपॅड उघडून डब्ल्यू आणि ए धरून इतर कळा दाबल्या. काही जोड्यांमध्ये तिसरं अक्षर उमटतच नव्हतं. स्वस्त मेम्ब्रेन कीबोर्डाची ही जुनी खोड. म्हणजे कीबोर्ड बदलायला हवा होता, यात शंका उरली नाही. पण एवढ्या दुरुस्तीसाठी अडीच-तीन हजारांचा साधा मेकॅनिकलही पुरला असता.

समोरचे पर्याय

परदेशी कीबोर्ड मागवणं हा पहिला. वस्तू उत्तम, सॉफ्टवेअर पक्कं, सेटिंग नेमकी. पण सगळं बजेट एकाच वस्तूत संपणार, आणि बिघडलं तर पार्सल पुन्हा देशाबाहेर. शिवाय तो 60 टक्क्यांच्या आकाराचा होता, त्यात एफ कळांची रांग नाही आणि नंबरपॅडही नाही.

इथे बहिणीने तोंड उघडलं. टॅलीत पेमेंटला एफ5, विक्रीला एफ8, खरेदीला एफ9 लागतं आणि आकडे सगळे उजव्या हाताने नंबरपॅडवर टाकायचे असतात. "दर एंट्रीला दोन-दोन कळा दाबू काय मी?" तिचं म्हणणं बिनतोड होतं. महिन्याच्या रिटर्नच्या वेळी त्या कीबोर्डाने घरात रोज भांडण लागलं असतं.

दुसरा पर्याय साधा मेकॅनिकल, तिसरा देशात वॉरंटी मिळणारा साडेपाच हजारांच्या आसपासचा चुंबकीय कीबोर्ड, चौथा आधी 144 हर्ट्झचा मॉनिटर, तो नऊ-दहा हजारांत. तिसरा आणि चौथा मिळून वीस हजारांच्या आत बसत होते, हे कागदावर मांडल्यावर वडिलांचा चेहरा मोकळा झाला. अनिकेतचा नाही. त्याच्या टीममधला एक मुलगा तो परदेशी कीबोर्ड वापरत होता, आणि पोरांमध्ये "घे बे, एकदाच घे, चांगलाच घे" असा जोर होता. एकोणीस वर्षांच्या मुलासाठी ती गोष्ट छोटी नसते, आणि ती मोडीत काढून निर्णय टिकला नसता.

पहिला निर्णय: आधी हात, मग पैसे

म्हणून त्याच मित्राचा कीबोर्ड काही दिवस मागून घेतला आणि एक साधा प्रयोग केला. अनिकेतला न सांगता मी रॅपिड ट्रिगर कधी चालू ठेवायचो, कधी बंद करून कळ 2 मिमीवर आणायचो. तो सराव मैदानात खेळायचा आणि चालू की बंद ते सांगायचा. व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्ये गोळीतली चूक दाखवणारा आलेखही आहे. हालचालीमुळे किती चूक झाली ते त्यात वेगळं दिसतं.

चालू-बंद त्याला बहुतेक वेळा बरोबर ओळखता आलं. आलेखातही हालचालीची चूक कमी झालेली दिसत होती. म्हणजे फायदा मनाचा खेळ नव्हता. मग त्याला 0.1 मिमी आणि 0.3 मिमी यांतला फरक ओळखायला सांगितलं. तो त्याला सांगता येईना. महागडे आणि स्वस्त चुंबकीय कीबोर्ड एकमेकांशी झगडतात ते याच शेवटच्या बारकाव्यावर, आणि त्याच्या हाताला अजून तो पोचत नव्हता. हे त्याने स्वतः अनुभवलं, त्यामुळे मला काही पटवून द्यावं लागलं नाही.

माझ्या मते हा या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा टप्पा. असा कीबोर्ड उसना मिळणं शक्य असेल तर खरेदीच्या आधी तो मिळवाच.

दुसरा निर्णय: क्रम

केबल झालीच होती. पुढे मॉनिटर, मग साडेपाच हजारांचा चुंबकीय कीबोर्ड, दोन्ही दिवाळीच्या आत. कीबोर्ड 75 टक्क्यांचा घेतला, म्हणजे एफ कळा आणि बाण आहेत, नंबरपॅड नाही. टॅलीसाठी जुना मेम्ब्रेन कीबोर्ड तसाच दुसऱ्या यूएसबीला जोडून ठेवला. एका कॉम्प्युटरला दोन कीबोर्ड एकाच वेळी चालतात. सकाळी एक पुढे, रात्री दुसरा. बहिणीचा प्रश्न पैसा न घालता सुटला.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत 8000 हर्ट्झ लिहिलं होतं. 1000 हर्ट्झला कीबोर्ड दर 1 मिलिसेकंदाला खबर देतो, 8000 ला दर 0.125 ला. वाचतो तो एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ, आणि प्रोसेसरवर भार मात्र वाढतो. शिवाय यूएसबीवर खबर जलद जात असली तरी सगळ्या कळा आतून तितक्याच वेगाने तपासल्या जातातच असं नाही, स्वस्त मॉडेलमध्ये तर नाहीच. आम्ही 1000 वर ठेवला.

तिसरा निर्णय: दोन उलट कळांचं प्रकरण

कीबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक सोय होती. ए (डावीकडे) धरलेलं असताना डी (उजवीकडे) दाबलं की ए आपोआप सुटतं, डी सोडलं की ए पुन्हा लागू. रेझर या गेमिंग सामानाच्या कंपनीने जुलै 2024 मध्ये हे स्नॅप टॅप नावाने आणलं, इतरांनीही आपापल्या नावाने दिलं. त्यानंतर महिनाभरात, ऑगस्ट 2024 मध्ये, काउंटर-स्ट्राइक 2 बनवणाऱ्या व्हॉल्वने त्याच्या आपल्या अधिकृत सर्व्हरवर ते चालणार नाही असं जाहीर केलं. एका दाबण्यात दोन कामं करणारं काहीही वापरलं तर सामन्यातून बाहेर. रॅपिड ट्रिगरला तिथे मनाई नाही, कारण त्यात प्रत्येक हालचाल बोटाचीच असते.

अनिकेत अधूनमधून काउंटर-स्ट्राइकही खेळायचा आणि जानेवारीत कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये स्पर्धा होती. आयोजकांना विचारलं, त्यांनी ही सोय बंद ठेवा म्हणून सांगितलं. त्याने ती सगळ्याच खेळांसाठी बंद केली. मला ते फार आवडलं. मशीन तुमच्या वतीने बोट उचलत असेल तर ती कला तुमच्या हातात कधी यायची?

खरेदीनंतर

पहिली कुरकुर टायपिंगची. अनिकेत शासनाच्या टंकलेखन परीक्षेची, इंग्रजी 40 ची (मिनिटाला 40 शब्द) तयारी करत होता. लिपिकाच्या जागांना ते प्रमाणपत्र लागतं, आणि वडिलांचा त्याबाबत आग्रह होता. सगळ्या कळा 0.1 मिमीवर ठेवल्यामुळे नुसतं बोट टेकलं तरी अक्षर पडायचं. शब्दांत जादा अक्षरं, चुका दुप्पट. मग दोन प्रोफाइल केले. खेळासाठी फक्त डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवर रॅपिड ट्रिगर, बाकी कळा 1.5 मिमीवर. टायपिंगसाठी सगळ्या 2 मिमीवर आणि रॅपिड ट्रिगर बंद. क्लासमधले कीबोर्ड साधे असल्यामुळे परीक्षेआधीचा शेवटचा सराव त्याने जुन्या कीबोर्डवरच केला.

दुसरी आली मे 2025 मध्ये. पत्र्याची खोली, सोलापूरचं ऊन, पारा चाळिशीच्या पुढे. दुपारी ए कळ हात न लावता मधूनच लागायला लागली. निओडायमियमचं चुंबक तापलं की किंचित कमजोर होतं, दर अंशाला साधारण 0.1 टक्का, आणि हॉल सेन्सरही तापमानाप्रमाणे थोडा सरकतो. चांगला फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डाच्या आतलंच सॉफ्टवेअर, ते सावरून घेतो, स्वस्तातला सगळ्या वेळी नाही. 0.1 मिमी ही पट्टी इतकी बारीक आहे की एवढा फरकही तिला पुरतो. दुपारी खोली तापलेली असतानाच पुन्हा कॅलिब्रेशन केलं, म्हणजे कळांची वरची-खालची जागा कीबोर्डाला नव्याने शिकवली, आणि पट्टी 0.3 वर नेली, प्रश्न मिटला. महागड्या कीबोर्डाचे जादा पैसे कुठे लागतात त्याचा हा एक खरा नमुना. ते पूर्णपणे वाया जाणारे पैसे नसतात.

सुताच्या धुरळ्याची मला जास्त काळजी होती. खालच्या मागांमुळे त्या घरात सगळ्या वस्तूंवर बारीक तूस बसते. नोंदीसाठी धातूला धातू टेकत नसल्यामुळे चुंबकीय स्विचला तिचा त्रास तुलनेने कमी. दांडा घासायला लागतो तेवढाच, आणि कळा काढून ब्रश मारला की काम झालं. सोलापुरातल्या कारखान्यावरच्या घरांसाठी हा फायदा जाहिरातीत कुणी सांगत नाही, मी मात्र आवर्जून सांगतो.

खऱ्या ॲनालॉगचं काय झालं? एका कार रेसिंगच्या खेळात त्याने कळा एक्सबॉक्स कंट्रोलर म्हणून लावून पाहिल्या. स्टिअरिंग हळू वळायला लागलं, मजा आली. पण कीबोर्ड आणि कंट्रोलर एकत्र दिसल्यावर पडद्यावरच्या सूचना सारख्या बदलत राहायच्या, आणि 4 मिमीच्या प्रवासात वळण सांभाळणं काही सोपं नाही. दोन-चार संध्याकाळींनंतर ते मागे पडलं.

निकाल

अनिकेतची रँक पुढच्या काही महिन्यांत वर गेली. तिचं श्रेय कीबोर्डाला द्यायला मी तयार नाही. केबल, मॉनिटर, कीबोर्ड आणि रोजचा सराव सगळं एकाच काळात आलं. मात्र पुन्हा स्लो मोशनमध्ये चित्रीकरण केलं तेव्हा बोट उचलल्यावर पात्र सरकत राहण्याचा काळ स्पष्ट घटला होता, आणि "गोळी भलतीकडे जाते" ही तक्रार संपली. कॉलेजच्या स्पर्धेत त्यांची टीम दुसऱ्या फेरीत हरली. टायपिंगची परीक्षा तो पास झाला.

ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा आला तेव्हा वडिलांचा फोन आला, "गेमवर बंदी आली म्हणं की ओ, आता या सामानाचं काय?" बंदी पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे आणि ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्याने वेगळी मान्यता दिली आहे, हे समजावल्यावर ते निर्धास्त झाले.

वेगळं काय करता आलं असतं

केबलची चाचणी सर्वांत आधी, खरेदीचा विषय निघण्यापूर्वीच व्हायला हवी होती. घरातले दोन आठवडे वीस हजारांवर वाद घालण्यात गेले, आणि त्या काळात अनिकेत उडत्या नेटवर खेळून स्वतःच्या हाताला दोष देत राहिला.

कीबोर्ड नंबरपॅडसह पूर्ण आकाराचा घेता आला असता. दोन कीबोर्ड टेबलावर मावतात, पण माउसला जागा कमी पडते आणि नेमबाजीच्या खेळात माउसला ऐसपैस जागा लागते. घरच्यांनी अजून काही मोठं टेबल घेतलेलं नाही.

बजेट वेगळं असतं, मॉनिटर आधीच 144 किंवा 240 हर्ट्झचा असता आणि मुलगा रोज तीन-चार तास टीमबरोबर गंभीरपणे खेळत असता, तर मी त्या वीस हजारांच्या कीबोर्डाला विरोध केला नसता. उलट फक्त रेसिंग किंवा गोष्टीचे खेळ खेळणारा कुणी आला असता, तर मी त्याला साधा मेकॅनिकल आणि एक कंट्रोलर सुचवला असता, दोन्ही मिळून चुंबकीय कीबोर्डाच्याच किमतीत येतात.

आणि खरेदीच्या वेळीच दोन-चार जादा स्विच घेऊन ठेवायला हवे होते. चुंबकीय बोर्डावर साधे मेकॅनिकल स्विच चालत नाहीत आणि दुसऱ्या कंपनीचे चुंबकीय स्विचही प्रत्येक वेळी चालतील असं नाही, कारण चुंबकाचा कुठला ध्रुव खाली आहे ते कंपनीप्रमाणे बदलतं. नव्या पेठेत असे सुटे स्विच मला अजून मिळालेले नाहीत, ऑनलाइनच मागवावे लागतात. अनिकेतच्या डी कळीचा दांडा आता किंचित अडखळतोय. त्याच कंपनीचे चार स्विच मागवले आहेत, ते येईपर्यंत फारशा न लागणाऱ्या पॉज कळीचा स्विच काढून डीला बसवला आहे.